मशीनला लागलेला गुलाल

दिवाळी अंकात कामाच्या आठवणी लिहिणारी माणसं बहुतेक निवृत्त असतात. त्यांचा राग निवलेला असतो आणि जुन्या भांडणांकडे ती हसून बघू शकतात. मी अजून नोकरीत आहे आणि माझा राग निवलेला नाही. निवायच्या आत लिहून टाकावं, एवढाच हेतू आहे. तोंडानं बोलणं मला जमत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठीत भांडायची सवय नाही, आणि इंग्रजीत भांडावं असं माझ्या कामात कोणी भेटत नाही.

सांगलीच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात मी काम करते. आम्ही अल्ट्रासॉनिक सफाईची मशीनं बनवतो. बाहेरच्या माणसाला मी ते असं सांगते : स्टीलची एक टाकी, तिच्या तळाला खालून चिकटवलेल्या चकत्या. वीज दिली की चकत्या इतक्या वेगानं थरथरतात की तो आवाज आपल्या कानाला ऐकूच येत नाही. टाकीतल्या पाण्यात त्या आवाजानं डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे तयार होतात आणि वस्तूच्या अंगावर फुटतात. प्रत्येक बुडबुडा म्हणजे एक बारीकशी टिचकी. लाखो टिचक्या एकदम, त्याही जिथं ब्रश जात नाही अशा खाचांत. मळ सुटतो. पाण्यात योग्य रसायन आणि ऊब असेल, तर रंगाचा थरही सुटतो. उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तसा.

"असेल तर" हे दोन शब्द माझी नोकरी आहेत. गिऱ्हाईक वस्तू घेऊन येतं, मी ती टाकीत घालून बघते आणि काय होईल, काय होणार नाही ते सांगते. दुसरा भाग कोणालाच ऐकायचा नसतो. तासगावचे एक व्यापारी बेदाणा धुवायचं मशीन समजून आले होते. मी नको म्हटल्यावर माझ्या मागे बघत म्हणाले, "मोठे साहेब न्हाईत का?" विट्याचे एक गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, मूठभर सोनेरी पिना घेऊन आले. मुलामा सुटून सोनं आपोआप तळाला बसेल, असा त्यांचा हिशेब होता. तसं होत नाही म्हटल्यावर तेही माझ्या मागे बघायला लागले. माझ्या मागे भिंत आहे. पण लोकांना तिथं नेहमी एक साहेब उभा दिसतो.

आई वेगळंच विचारते. आम्ही जैन, घरात पाणी गाळल्याशिवाय तोंडाला लावत नाहीत. "टाकीतलं पाणी तरी गाळून घेतीस का न्हाई?" मी खरंच गाळून घेते. गाळ असला की चाचणी चुकते. आईला कारण दुसरं वाटतं, आणि मी ते तसंच राहू देते.

ज्या कामाबद्दल लिहायचं आहे ते साताऱ्याच्या बाजूचं. उंब्रजच्या पुढे महामार्गालगत एका निवृत्त सुभेदारांचा पावडर कोटिंगचा कारखाना आहे. म्हणजे लोखंडी भागांवर कोरडी रंगाची पूड विजेच्या जोरावर चिकटवायची आणि भट्टीत भाजायची. भाग भट्टीत जातात ते हुकांना टांगून. भागावर रंग चढतो तसा हुकावरही चढतो. दर खेपेला एक थर, असं करत हुक बोटाएवढा जाड होतो. मग त्यातून वीज नीट जात नाही आणि पूड भागाला धरत नाही. म्हणून हुक पुन्हा पुन्हा सोलून काढावे लागतात.

सोलायचं काम मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालायचं. तिथं एक ड्रम होता. ड्रममध्ये रंग उतरवायचं रसायन, त्याला सगळे रिमूव्हर म्हणत. मी शेडच्या दारात पोचायच्या आधीच त्याचा वास डोळ्यांत गेला. हुक त्यात भिजत घालायचे आणि रंग मऊ झाला की पत्रीनं, म्हणजे लोखंडी चपट्या पात्यानं, आणि तारेच्या ब्रशनं खरवडायचे. खरवडायला दोन बायका होत्या, सुमनताई आणि मंगल. नात्यानं जावा-जावा. सुमनताई चाळिशीच्या, मंगल माझ्याहून थोडीच मोठी.

"हातमोजे नाहीत का?" मी विचारलं.

"हायत की," मंगल म्हणाली. तिनं कोपऱ्यातली एक जोडी पायानं पुढं ढकलली. रबर फुगून लिबलिबीत झालं होतं. "ह्यात हात घालायचा म्हंजे बेडकाच्या तोंडात घातल्यागत."

सुमनताईंनी न विचारता हात पुढं केले. बोटांची टोकं गुळगुळीत, गुलाबी, कागदासारखी पातळ. "रेशनच्या मशीनला अंगठा लागत न्हाई, मॅडम," त्या म्हणाल्या. "दुकानदार म्हंतो, मावशी, तुमी तुमीच हाय कशावरनं? पोराला घिऊन जाती मग. त्याच्या अंगठ्यावर माझं गहू."

त्या हसून बोलल्या. मला हसता आलं नाही. त्याच वेळी मी ठरवलं की ही चाचणी यशस्वी करायचीच. यंत्राच्या भरवशावर एखाद्या माणसाचा अंगठा परत मिळू शकतो, असं मला पहिल्यांदाच वाटलं होतं. आमच्या टाकीतलं द्रावणही काही तीर्थ नव्हे. पण टाकीला झाकण असतं, हुक जाळीतून सोडायचे आणि जाळीतूनच काढायचे, हात आत जात नाही.

सुभेदारसाहेब माणूस दिलदार. कारखान्याआधी त्यांनी मला शेजारच्या गोठ्यात नेऊन शर्यतीचा बैल दाखवला. पांढराशुभ्र सोन्या. गोठ्यात पंखा होता. शर्यतीहून आला की सोन्याचे पाय कोमट पाण्यानं शेकायचे, तेल लावून चोळायचे, आणि ते काम साहेब स्वतः करत, गड्याला करू देत नसत. "जनावर बोलत न्हाई मॅडम. आपुन बघायला पायजे कुठं दुखतंय ते." मला ते वाक्य फार आवडलं होतं.

चाचणीच्या दिवशी मी टाकी घेऊन पोचले, तर सगळे कामगार अंगणात जमलेले. मधे चुन्याची रेघ मारलेली. एका बाजूला माझ्या टाकीसाठी टेबल, दुसऱ्या बाजूला सुमनताई आणि मंगल पाटावर बसलेल्या, पुढ्यात भिजवलेल्या हुकांचा ढीग.

"हे काय आहे?"

"शर्यत!" साहेब म्हणाले. गळ्यात पलटणीतली शिट्टी. "निम्मे हुक तुमचे, निम्मे त्यांचे. जेवणाची घंटा हुईपत्तर. जे जिंकंल ते ऱ्हाईल. एकदम फेअर."

मी सांगायचा प्रयत्न केला की चाचणी म्हणजे शर्यत नव्हे. वेळ किती लागतो यापेक्षा रंग कुठपर्यंत सुटतो, धातूला काय होतं, हे बघायचं असतं. माझा आवाज तिसऱ्या माणसापर्यंतसुद्धा पोचला नाही. शिट्टी वाजली.

आमच्या कामात सुरुवातीला काहीच घडत नाही. द्रावण तापावं लागतं. पाण्यात मिसळलेली हवा आधी काढावी लागते, नाहीतर आवाजाचा जोर त्या हवेतच जिरतो. त्यानंतर मी फॉइलची चाचणी घेते. पोळ्या गुंडाळतो तीच फॉइल. तिची पट्टी टाकीत उभी धरायची, जरा वेळानं काढून उजेडात बघायची. पट्टीभर सारखी बारीक भोकं पडली असतील तर टाकी सगळीकडे सारखं काम करते आहे. एखादा भाग कोरा राहिला, तर तिथं काम होत नाही.

"गड्या, मशीनची बैलं अजून दावणीलाच हायत रं!" कोणीतरी ओरडलं.

"वैरण टाका मॅडम, वैरण!"

समोर दोघी पेटल्यासारख्या खरवडत होत्या. "जे जिंकंल ते ऱ्हाईल" ह्याचा अर्थ त्यांना माझ्याआधी कळला होता. ज्या कामानं बोटं गेली तेच काम वाचवायला त्या धडपडत होत्या. हातमोज्यांनी वेग कमी होतो म्हणून ते शेडमध्येच राहिले होते. पुरुष मंगलच्या नावानं शिट्ट्या मारत होते, "हाण गं वैनी, हाण!" आणि सुमनताई एकदाही माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांच्या अंगठ्याजवळ पत्री लागून रक्त आलं. त्यांनी हात पदराला पुसला आणि पुढचा हुक उचलला.

मला टाकी बंद करावीशी वाटली. पण मी हरले तर ड्रम राहणार, जिंकले तर त्यांचं काम जाणार. असला सापळा दोन बायकांसाठी लावायचा आणि त्याला फेअर म्हणायचं, हे फक्त चुन्याच्या रेघेच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाला सुचतं.

घंटा झाली तेव्हा दोघींचे हुक आधीच संपले होते. मी जाळी वर काढली. रंगाची सालं पाण्यात सुटली होती आणि हुक आतून राखाडी, नवे असल्यासारखे. साहेबांनी दोन्हीकडचे हुक उचलून निरखले. हुकाचं जे वळण असतं, जिथं भाग टांगतात, तिथं पत्री जात नाही. बायकांच्या हुकांत त्या वळणात रंगाची रेघ उरली होती. माझ्या हुकांत नव्हती.

"मशीन!" साहेबांनी हात वर केला.

टाळ्या झाल्या. कोणीतरी ताट आणलं. आमच्याकडे शर्यत जिंकली की बैलाला आणि मालकाला गुलाल लागतो. साहेबांनी मशीनच्या झाकणावर मूठभर गुलाल उधळला आणि मला काही कळायच्या आत एका बाईकडून माझ्या कपाळालाही लावून घेतला. समोर दोघी पाटावर तशाच बसलेल्या. मंगलच्या डोळ्यांत पाणी होतं, ते वासानं आलं असावं असं दाखवायला ती डोळे चोळत होती.

तेव्हा मी बोलले. सगळ्यांसमोर. माझ्यासाठी ती मोठी गोष्ट होती. "साहेब, ह्या मशीनवर ह्या दोघीच काम करतील ना? मी त्यांना शिकवते."

"हां हां, करतील की! आपलीच माणसं हायत."

मी दुपारी थांबले आणि सुमनताईंना सगळं शिकवलं. द्रावण किती तापवायचं, हुक जाळीत सुटे कसे लावायचे, तळाला काहीही का टेकू द्यायचं नाही. फॉइलची पट्टी त्यांनी उजेडात धरली आणि भोकांतून माझ्याकडे बघितलं. "चाळण झाली की हो. जाईला फुलांचा बहर आल्यागत दिसतंय."

सांगलीत सर, म्हणजे आमच्या कारखान्याचे मालक, खूश होते. कोणीतरी शर्यतीचं चित्रण करून पाठवलं होतं. सरांनी त्याला "माणूस विरुद्ध मशीन" असं नाव देऊन ते सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवून दिलं. मी ते काढून टाका म्हणाले. "अगं, लोकांना आवडतंय ते!" मी पुन्हा म्हणाले. तेव्हा त्यांनी चेहरे कापले आणि हात ठेवले. "आता कोण कळतंय का?" कळत होतं. रक्त पदराला पुसणारा हात मला कुठंही कळला असता. ते चित्रण आजही आमच्या जाहिरातीत आहे, आणि मशीन विकत घ्यायला येणारी माणसं ते बघून हसतात.

मशीन सुभेदारांकडे गेलं. बरेच दिवस काही कळलं नाही. मग एके सकाळी सुमनताईंचा फोन आला. आवाज उत्साही.

"मॅडम, अंगठा लागला!"

"काय?"

"रेशनच्या मशीनला. पैल्या झटक्यात. दुकानदार म्हंला, मावशी, आता तुमी तुमीच!"

मी खुर्चीतून उठून उभी राहिले. आजूबाजूला कोणी नव्हतं, नाहीतर मी उभी राहिले नसते. "बघा! मशीनवर काम केलं की हात बरे होणारच."

"मशीनवर कुटलं, मॅडम. विकीला बशिवलाय त्यावर, सायबांचा पुतन्या. मशीनवर बाई नगं म्हंले. मी घरीच हाय तवापासनं. हाताला सुट्टी हाय न्हवं, म्हनून तर कातडी आली."

त्यांनीच माझी समजूत काढली. "जाऊंदे ओ. तुमी वाईट वाटून घिऊ नगा. तुमी इचारलं तरी हुतं."

त्यानंतर काही आठवड्यांनी तक्रार आली : मशीन काम करत नाही, बोगस आहे. मी गेले. एस.टी.त बसल्यापासून मनात वाक्यं जुळवत होते आणि उंब्रजपर्यंत ती सगळी मोडली होती.

टाकीचं झाकण उघडं होतं. जाळी बाजूला गंजत पडलेली. विकी हुक सरळ टाकीत ओतत होता, वाळू ओतावी तसे. ढीग तळावर पडून तळाचा पत्रा घासला गेला होता. मी फॉइलची पट्टी लावली. अर्ध्या भागात भोकं, अर्धी कोरी. त्या बाजूच्या चकत्या मेल्या होत्या.

"फॉइल लावून बघत होतास का?" मी विकीला विचारलं.

"कसली फॉइल?" तो मोबाइलवरून मान न उचलता म्हणाला.

मग तो वास आला. मी मागच्या शेडकडे गेले. ड्रम होता तिथंच होता. मंगल एकटीच पाटावर बसली होती आणि मशीननं अर्धवट सोडलेले हुक खरवडत होती. उघड्या हातांनी. आधी दोघींचं असलेलं काम आता एकीवर. मला बघून ती उठायला लागली. मी बस म्हणाले.

सुभेदारसाहेब गोठ्यात होते. आदल्या दिवशी कुठंतरी शर्यत झाली होती. ते खाली बसून सोन्याचा पाय कोमट पाण्याच्या फडक्यानं शेकत होते.

"या मॅडम! तुमचं मशीन लय नाटकं करतंय."

"मशीनच्या चकत्या मेल्यात. वापरायची पद्धत चुकली. सुमनताईंना मी शिकवलं होतं."

"आवं, बाई मान्सानं विजेच्या मशीनजवळ... उद्या कायतर झालं म्हंजे? आनि विकीला पन कुटंतरी लावायचा हुताच. घरचं पोरगं हाय."

"आणि ड्रम?"

"त्यो हाय आपला, अडीनडीला. तुमच्या मशीननं सगळं निघत न्हाई की."

मी त्यांच्या हातातल्या फडक्याकडे बघत होते. जुळवलेलं एकही वाक्य आठवत नव्हतं, आणि तरी बोलले.

"साहेब, त्या दिवशी शर्यत तुम्ही लावली. शर्यत संपल्यावर तुम्ही सोन्याचे पाय शेकता. त्या दोघींचे हात कोणी बघितले का?"

त्यांचा हात थांबला. चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता ओरडणार. "हुकूम देताय काय मला?" ते म्हणाले, पण हळू. सोन्यानं शेपटी मारली. साहेब उठले आणि फडकं बादलीत टाकलं.

"नंबर हाय का तिचा?"

मी फोन लावला आणि आवाज मोठा करून दोघांच्या मधे धरला. सुमनताईंनी लगेच उचलला.

"सुमन, उद्यापासनं ये," साहेब म्हणाले. "मशीन नीट झालं की त्यावर तूच. विकीला दुसरीकडं टाकतो."

मला वाटलं, त्या हो म्हणतील. मनात मी त्यांना टाकीसमोर उभं केलं होतं, हातात फॉइल उजेडात धरलेली.

"मॅडम हायत का तिथं?" सुमनताईंनी विचारलं.

"आहे, ताई."

"त्यो ड्रम हाय का अजून शेडात?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. नाही म्हणा, असं त्या नजरेत होतं. उद्या काढू, परवा काढू, आत्ता नाही म्हणा. गोठ्याच्या दारातून शेडचा पत्रा दिसत होता आणि आतून पत्रीचा आवाज येत होता.

"आहे," मी म्हणाले.

"मंगल?"

"तिथंच बसली आहे."

"मग आता न्हाई येनार. आज मशीन नीट हाय म्हनून मशीनवर बशिवत्याल, उद्या बिघडलं की ड्रमावर. आत्ता कुटं अंगठा लागाय लागलाय, त्यो परत घालवू व्हय?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "साहेब, ड्रम उचला. मंगलला बी मशीनवर घ्या. ज्या दिवशी शेड रिकामं हुईल, त्या दिवशी मॅडमनी फोन करावा. तुमी नगा करू. मॅडम खोटं सांगत न्हाईत."

फोन बंद झाला. साहेब बाहेर गेले.

चकत्या बदलून दिल्या आहेत. मशीन चालतं. त्यानंतर कामाचं काही ना काही निमित्त काढून मी दोनदा तिकडे जाऊन आले. दोन्ही वेळा साहेबांनी चहा दिला, सोन्याची चौकशी करू दिली आणि "करतोय, करतोय" म्हणाले. दोन्ही वेळा मी चहा ठेवून आधी मागच्या शेडकडे गेले.

सुमनताईंना मी तो फोन अजून केलेला नाही.